दिवे हिरवे, लेबल बंद

दोन्ही राऊटरचे दिवे हिरवेगार होते आणि दिंडोरीजवळच्या त्या पॅकहाऊसमध्ये एकही लेबल छापलं जात नव्हतं. सकाळी तोडलेल्या द्राक्षांचे क्रेट दारात थांबलेले. लेबलाची माहिती इंटरनेटवरून येते, आणि लेबल लागल्याशिवाय पेटी कोल्ड रूममध्ये जात नाही. ऊन चढत होतं.

"सर, परवाच टेस्ट करून दाखवलीत ना?" मालक बाळासाहेब म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

नाशिकमध्ये मी वीस वर्षं नेटवर्कची कामं करतो. इथे दोन राऊटर बसवले होते, दोन वेगळ्या लाईनवर. मेन राऊटर दर सेकंदाला दुसऱ्याला, म्हणजे स्टँडबायला, 'मी आहे' असं सांगत राहतो. तो गप्प झाला की स्टँडबाय काम उचलतो. याला फेलओव्हर म्हणतात. परवा मी मेनचा स्विच बंद करून दाखवला, काम चालू राहिलं, सगळे खूश. तेव्हा लेबल लावणाऱ्या संगीताताईंनी विचारलं होतं, "सर, ह्यो चालू हाय आन् भायेर लाईनच तुटली, मंग?"

"तेच तर दाखवलं ना, ताई," म्हणून मी त्यांना उडवून लावलं. मला निघायची घाई होती.

आज क्रेट भरलेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर लोंबणारी मेनची फायबर लाईन तोडली. मेन राऊटर ठणठणीत होता आणि 'मी आहे' सांगत राहिला. स्टँडबाय इमानदारीत गप्प बसला. चूक सरळसरळ माझी होती.

आधी मेनची आतली केबल उपटली. त्याचं 'मी आहे' थांबलं, स्टँडबायने काम उचललं, लेबलं सुरू झाली. मग लॅपटॉप जोडून मेनला शिकवलं, बाहेरच्या एका पत्त्याला सतत हाक मार, तीनदा उत्तर आलं नाही तर स्वतःहून मागे हो. हे ट्रॅकिंग मी पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं.

चारच्या सुमाराला फायबर जोडून झाली. मेनची केबलही मी परत लावली.

"आता ही फायबर काढून बघू," मी म्हणालो.

"चालू कामात? नको. झालंय ना नीट?"

"परवाही नीटच झालं होतं. तपासल्याशिवाय मी इथून हलणार नाही, बाळासाहेब."

ते संगीताताईंकडे बघायला लागले.

"काढू द्या, सायेब," त्या म्हणाल्या. "बंद पडलं तर आत्ता सर हायेत. उद्या कोन असंल?"

"तुम्हीच काढा, ताई," मी म्हणालो.

त्यांनी ॲप्रनला हात पुसले आणि फायबर काढली. प्रिंटर थांबला. मी मनात बारापर्यंत मोजलं. मग प्रिंटर खरखरला. ताईंनी लेबल पेटीवर चिकटवलं आणि पुढच्यासाठी हात पुढे केला.

"परवा तुमचं ऐकायला हवं होतं," मी म्हणालो.

"मी तर सादंच इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या.

दारातले काही क्रेट मऊ पडले होते, ते एक्स्पोर्टला गेले नाहीत. टेस्ट कशी घ्यायची हे मी आता नुसतं मालकाला विचारत नाही. लाईन गेल्यावर ज्याचे हात थांबतात, त्याला आधी विचारतो.