अक्काच्या फोनवर दिसलं पाहिजे

परक्याच्या खिशातला मोबाईल हक्कानं मागून घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी भागीदार म्हणून आला. धुळ्यात आम्ही दोघं दुकानदारांच्या वेबसाइट करतो. म्हणजे करतो मी. हा महाशय त्या लहानमोठ्या स्क्रीनवर नीट दिसतात का ते बघत गावभर हिंडतो. स्क्रीनचे सगळे आकार कंप्युटरवरच बघता येतात, हे सांगून माझं तोंड दुखलं. "नुसत्या फोटोवर कोणी सोयरीक जमवतं का?" म्हणतो आणि बसस्टँड गाठतो. "भाऊ, जरा मोबाईल द्या," की झालं. कंडक्टर, रसवंतीवाला, कोणी सुटत नाही. माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात तर त्यानं नवरदेवाचाच फोन घेतला आणि नवरीकडचे कॉल कापत बसला, का तर म्हणे स्क्रीन झाकली जाते!

शेवटची तपासणी मात्र सोनगीरला, त्याच्या मोठ्या बहिणीच्या फोनवर. आई लवकर गेली, याला अक्कानंच वाढवलं. अक्काचा फोन ओट्यावरून पडला तेव्हापासून त्याच्या खालच्या अर्ध्या भागात सगळं दिसायचं, पण तिथं बोट दाबून काही व्हायचं नाही. यानं नवा फोन नेऊन दिला, तो तिनं कपाटात ठेवून दिला. "बठ्ठं दिखस रे भाऊ," ती म्हणायची, "पन खाले मनं बोट चालत नही." म्हणून आमच्या प्रत्येक वेबसाइटवर दुकानाला फोन लावायचं बटण वर. त्या बाईला त्या दुकानांतून काडीचं काही घ्यायचं नसायचं. भावानं केलंय म्हणून चष्मा पुसून बघायची.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. हा तिचा फोन ऑफिसात घेऊन आला आणि रोज चार्जिंगला लावायला लागला. तपासणी तशीच चालू राहिली, फक्त सोनगीरच्या फेऱ्या थांबल्या.

मग एक भांडीवाले शेठ अडून बसले. "बटण खाली घ्या, अंगठ्याजवळ. सगळ्यांचं तिथंच असतं." बरोबरच होतं त्यांचं. मीही त्याला म्हटलं, "घे बाबा खाली, गिऱ्हाईक जाईल." तो म्हणाला, "अक्काच्या फोनवर बघतो आणि सांगतो."

पण त्या दिवशी फोन सुरूच झाला नाही. बॅटरी फुगली होती. समोरच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला आणि मान हलवली. फोन हातात घेऊन हा बराच वेळ पायरीवर बसून होता. मला वाटलं, सुटला प्रश्न, आता घेईल बटण खाली. आणि असं वाटलं याचीच मला लाज वाटली.

थोड्या वेळानं तो आत आला. "तुझा मोबाईल दे." मी दिला. त्यानं शेठची वेबसाइट उघडली, डाव्या तळव्यानं स्क्रीनचा खालचा अर्धा भाग झाकला आणि उरलेल्या भागात उजव्या हाताचं बोट हळूहळू फिरवत राहिला, अक्का फिरवायची तसं. वरचं बटण दाबलं. पलीकडे शेठची घंटी वाजायला लागली तसा त्यानं फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीकडे तोंड केलं.

मी फोन कानाला लावला. तोवर शेठ दोनदा "हॅलो" म्हणाले होते.

"शेठ, बटण वरच राहील," मी म्हटलं.

"अहो, पण वर कोण दाबतं?"

"आहे आमच्या घरचं एक माणूस," मी म्हटलं.