रंगीत पाणलाव्याच्या मागे

विठोजींनी तीस वर्षं मल्लेश्वरममध्ये फोटो स्टुडिओ चालवला. मोबाइल आले तसं गिऱ्हाईक आटलं, स्टुडिओ बंद झाला, आणि साठीच्या उंबरठ्यावर या अबोल माणसाला पाणपक्ष्यांचं वेड लागलं. गळ्यात कॅमेरा अडकवून, पहाटेची बस धरून ते महादेवपुऱ्यापलीकडच्या तळ्यांवर जात.

फेब्रुवारी सरत आला होता. तळं आटून आत हटलेलं, उघड्या चिखलात शेकाटे नि तुतवार हे पक्षी किडे टिपत फिरत होते. विठोजींना फोटो हवा होता तो रंगीत पाणलाव्याचा. तीन आठवडे तो हुलकावणी देत होता. त्या सकाळी लव्हाळ्याच्या कडेला मादी दिसली. विटकरी गळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. पण मधे एक काटकी आडवी येत होती. स्वल्प, जरासं डावीकडं सरकलं की झालं, असं म्हणत ते बांधावरून खाली उतरले.

वरचा चिखल वाळून भेगाळला होता, पाऊल पेलत होता. दहाबारा पावलं नीट गेली. पुढचं घोट्यापर्यंत आत गेलं. ते काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला, तर तो गुडघ्यापर्यंत रुतला. खाली टेकायला काहीच लागेना.

आधी त्यांना लाजच वाटली. कुणी बघितलं तर? मग चिखल मांडीला लागला आणि लाज कुठल्या कुठं गेली. कुठल्या तळ्यावर जातोय हे रत्नाबाईंना, बायकोला, सांगितलं नव्हतं. मोबाइल पँटच्या खिशात, म्हणजे चिखलात. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर कानी येत होती, पण तिथून इकडं कोण बघणार?

"हलू नगा अण्णा!" डोक्यावरचा गवताचा भारा टाकून एक बाई धावत आली. गुरांसाठी गवत कापणारी गंगव्वा, मूळची सीमाभागातल्या चिकोडीकडची. आधी ती कन्नडमध्ये काहीतरी ओरडली होती; विठोजींच्या तोंडून "आई गं" निघालं तशी मराठीवर आली होती.

"आता मागं आडवं पडा. पाठीवर."

"पडलो तर बुडेन हो!"

"उभं ऱ्हायलासा तर जाशीला! पडा म्हनते न्हवं?"

कॅमेरा छातीशी धरून, डोळे मिटून विठोजी मागं कलले. गार चिखल मानेला लागला, कानात शिरला. आता संपलं, असं वाटलं. पण अंग तरंगल्यासारखं राहिलं. गंगव्वानं भारा सोडून चिखलावर गवत पसरलं, भाऱ्याची लांब दोरी फेकली आणि बांधावर बसून टाचा रोवल्या. एकेक पाय सुटायला अर्धा तास गेला. बूट आतच राहिले.

पुढं महिनाभर ते कुठं गेले नाहीत. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरही पाय टाकताना भिंत धरत. शेवटी एकदा जेवताना सगळं सांगून टाकलं. रत्नाबाईंचा हात ताटातच थांबला. त्या म्हणाल्या, "सरी, बरं. आता जाल तेव्हा मी येते."

रविवारी दोघं गेली. रत्नाबाईंनी बांधावर त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. लव्हाळ्यात पाणलाव्याची मादी हलली, दर वेळी शर्ट मागं ओढला जात असतानाही विठोजींनी भराभर फोटो काढले. घरी येऊन बघितले, तर सगळे हललेले.