शेजाऱ्याची ॲक्शन

मला शिकार शिकवली ती अप्पर हटमधल्या आमच्या शेजाऱ्याने. तो तेव्हाच सत्तरीपुढे होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ख्राइस्टचर्चला. कुंपणापलीकडून तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो मी गवत चुकीच्या उंचीला कापतो हे सांगायला. मी पुण्याचा. भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो आणि इथे परदेशातही तेच करतो. धातूचे भाग मोजायचे, किती कठीण आहेत ते मशीनवर तपासायचं, पास का फेल ते सांगायचं.

त्याच्या शिकवण्यात दयामाया नव्हती. मी पाडलेली पहिली हरिणी लगेच मेली नाही. मी घाईघाईने दुसरी गोळी भरायला लागलो तर त्याने माझं मनगट धरलं. "थांब. आधी बघ. नेम चुकला की काय होतं ते बघ." ती पुढचे पाय टाकत होती आणि मागचा भाग उचलत नव्हता. मग त्यानेच तिला संपवलं. मी बाजूला जाऊन ओकलो. ही गोष्ट तो हंटिंग क्लबात वर्षानुवर्षं सांगत राहिला, माझ्या इंग्रजीची नक्कल करून. सगळे हसायचे, मीही हसायचो. घरी आल्यावर बायको विचारायची, "तू त्याच्याबरोबर जातोसच कशाला?" डोंगरात त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं, हे एक कारण होतं.

चार-पाच वर्षांनी मी स्वतःची रायफल बांधून घ्यायचं ठरवलं. अशी रायफल बांधायची तर सुरुवात ॲक्शनपासून होते. ॲक्शन म्हणजे मधला पोलादी सांगाडा आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट. गोळी उडताना मागे येणारा सगळा जोर बोल्टच्या पुढच्या दोन कानांवर, म्हणजे सांगाड्यात अडकणाऱ्या दोन खुंट्यांवर येतो. नळी, लाकूड, दुर्बीण नंतर कधीही बदलता येतात. ॲक्शन चुकली तर सगळंच चुकलं.

दोन-तीन महिने मी शनिवार त्यात घालवले. दुकानांत जुन्या रायफली बघायच्या, लायसन्स दाखवून ॲक्शन हातात घ्यायची, बोल्ट सरकवून बघायचा. दोन्ही कान सारखे टेकतात का हे बघायला मी खिशात मार्कर ठेवायचो. कानांना शाई लावायची, बोल्ट चारदा उघडबंद करायचा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघायचं. एका नव्या अमेरिकन ॲक्शनमध्ये एकच कान टेकत होता. दुसरी एक बरी होती, पण तिचा बोल्ट वाळू घातल्यासारखा चालायचा. शेवटी एक फिनलंडची मिळाली. बोल्ट नुसता सोडला तरी आपल्या वजनाने घसरत जायचा. ती मी मनातल्या मनात घेऊन टाकली होती.

त्याच आठवड्यात शेजारी दारात आला. हातात त्याची रायफल होती. तिची ॲक्शन जुन्या जर्मन लष्करी बनावटीची, त्याच्या वडिलांनी युद्धावरून परत येताना आणलेली. पुढे तिच्यावर शिकारीची नळी चढवली होती.

"नळी संपलीय," तो म्हणाला. "ॲक्शन नाही संपली. माझे हात आता थरथरतात. तू हिच्यावर बांध."

"तुम्हाला लागेल की," मी म्हटलं.

"नाही लागणार. विचार करून आलोय."

मी आभार मानले आणि ती ठेवून घेतली. पण मला ती नको होती. तिच्यावर काहीही बांधलं असतं तरी क्लबात ती त्याचीच रायफल राहिली असती आणि मी त्याच्यासमोर ओकलेला माणूस. नको म्हणायला मला कारण हवं होतं.

कारण मला कामावर मिळालं. बॉसला विचारून मी नुसती ॲक्शन घेऊन गेलो. मशीनचं टोक सपाट जागेवर टेकावं म्हणून खालची बाजू, लाकडात झाकली जाणारी, थोडी घासली. सपाट होईपर्यंत घासली, म्हणजे बरीच. तिथे तीन रीडिंग घेतली. तिन्ही कमी आली, इतकं मऊ पोलाद आम्ही एखाद्या बिजागरीलाही पास केलं नसतं. एका जागेची तीन रीडिंग म्हणजे एकच रीडिंग, हे मी नव्या मुलांना शिकवतो. त्या दिवशी मी चौथं घेतलं नाही. मला आनंद झाला होता.

हे मी त्याला घरी जाऊन सांगू शकलो असतो. मी क्लबच्या बार्बेक्यूपर्यंत थांबलो. भर दुपारी सगळ्यांसमोर त्यानेच विषय काढला. या पोराला मी माझी ॲक्शन दिलीय, म्हणाला.

"ती मी वापरणार नाही," मी म्हटलं. "तपासली. मऊ आहे. कधीतरी आगीत सापडलेली असेल. इतकी वर्षं तुमच्या तोंडापुढे फुटली नाही हेच नवल."

तो म्हणाला, "माझी मुलगी चौदाव्या वर्षापासून हिनेच शिकार करायची."

"मग तिचं नशीब चांगलं."

कोणीतरी हसलं. मग दुसरा म्हणाला, जरा आरशात बघ बाबा, नाक आहे ना जागेवर. मग सगळेच हसले. एकाने तर मुलीच्या हातात बॉम्ब दिला होतास असंही ऐकवलं. शेजाऱ्याने हातातली ताटली खाली ठेवली आणि गाडीकडे चालू लागला. त्याला किल्ली लावायला वेळ लागत होता, हे सगळे बघत होते. मी उठलो नाही. मला पुढे कळलं की त्या संध्याकाळी त्याने मुलीला फोन करून माफी मागितली.

दोन दिवसांनी तो कुंपणापाशी आला. "तुझ्याकडे ग्राइंडर आहे. ती कापून टाक. कोणाच्या हाती लागायला नको. मीच कापली असती, पण हे हात बघतोस ना."

माझ्या गॅरेजमध्ये, व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरून, मी ती कापली. तो बाजूला उभा होता. पाऊण भाग कापून झाल्यावर चकती संपली, म्हणून उरलेला मी हातोडीने तोडला. तुटलेला भाग उजेडात धरला आणि मला दिसलं. आतलं पोलाद भरड दाण्याचं, आणि कडेने सगळीकडे एक बारीक, राखी, रेशमासारखा पापुद्रा. जुन्या काळी असंच करायचे. आत मऊ, चिवट पोलाद ठेवायचं, म्हणजे ते तडकत नाही, आणि वरून कातडीसारखा कठीण थर द्यायचा. तो थर मी स्वतः घासून काढला होता आणि मग आतला गाभा मोजला होता. ॲक्शन जशी असायला हवी तशीच होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

त्याने माझ्याकडून झाडू मागून घेतला आणि खाली पडलेला चुरा गोळा केला. ॲक्शन नष्ट केल्याचं सरकारच्या शस्त्र-रजिस्ट्रीला कळवावं लागतं. त्याला स्क्रीनवरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून माहिती मी भरली. कारण काय लिहू, मी विचारलं. तो म्हणाला, "तू सांगितलंस तेच लिही."

मी तेच लिहिलं.

त्यानंतर तो डोंगरात गेला नाही. लायसन्सची मुदत संपली तेव्हा त्याने नवीन करून घेतलं नाही. फिनलंडच्या ॲक्शनवर माझी रायफल बांधून झाली. छान झाली, अजूनही तीच वापरतो. क्लबात आता लोक आपापल्या जुन्या ॲक्शन माझ्याकडे आणायला लागले, हा आपला मेटलवाला, म्हणून. मी त्या नीट तपासून द्यायचो, चार-चार जागी.

दीड वर्षाने त्याने घर विकलं. मुलीकडे ख्राइस्टचर्चला राहायला निघाला होता. खोकी भरायला मी मदतीला गेलो, तेव्हा सांगितलं. मी कुठे घासलं, तुटल्यावर काय दिसलं, सगळं.

तो खुर्चीत बसून ऐकत होता. "म्हणजे चांगली होती."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"कापली तेव्हाच."

त्याने टेबलावरचा फोन उचलला, मुलीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यापुढे धरला. तिने हॅलो म्हटल्यावर तो म्हणाला, "शेजारी आहे. त्याला तुला काही सांगायचंय." आणि मला म्हणाला, "सांग. मी तिची माफी मागितली होती. आता तू माग."

मी पुन्हा सगळं सांगितलं, तिला समजेल असं, तपशिलात. फोन त्याच्या हातात हलत होता, पण त्याने तो खाली ठेवला नाही.

"ती मला हवी होती," ती म्हणाली. "त्याने तुला दिली तेव्हा मी त्याच्याशी भांडले होते. महिनाभर बोलत नव्हते. तो म्हणाला, त्या माणसाला लोखंडातलं कळतं, तो ती नीट ठेवेल."

मी सॉरी म्हटलं. तिने फोन ठेवून दिला.

"क्लबात सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"सांगणारेस?"

मी वाकून टेपचं रीळ उचललं. त्याने दाराजवळच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "त्याला टेप लाव. आणि मग घरी जा."

तो गुरुवारी गेला. मी खिडकीतून पाहिलं, बाहेर गेलो नाही. पुढच्या महिन्यात क्लबात कोणीतरी त्याची आठवण काढली आणि तो फुटणाऱ्या रायफलीचा किस्सा पुन्हा सांगितला गेला, आरसा आणि नाकासकट. सगळे हसले. मग त्यातला एक माझ्याकडे वळून म्हणाला, याच्यामुळे कळलं, नाहीतर कोणाचा तरी जीव गेला असता. मी मान हलवली आणि बिअरचा घोट घेतला.