उजेडात धरलेला कागद

सुनंदाताई कुठलाही कागद आधी खिडकीकडे नेत. उजेडात धरत, शिक्क्याच्या कडेवरून नख फिरवत, मगच वाचत. कुवेतमधल्या अहमदीतल्या आमच्या कंपनीत नव्या कामगारांची प्रमाणपत्रं तपासणं हे त्यांचं काम. माझं टेबल शेजारीच. "मीनल, माणसाचं तोंड नंतर बघ. आधी कागद," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

एकदा नांदेडच्या एका वेल्डरचं प्रमाणपत्र खोटं निघालं. त्याला दोन मुली आहेत, या वेळी सोडा, असं मी म्हटलं. "मुली त्याच्या आहेत. सर्टिफिकेट त्याचं नाही." आठवड्याभरात तो परत गेला. मला ते पटलं होतं.

म्हणूनच लक्ष्मीचा जबाब मी त्यांना दाखवला. लक्ष्मी अर्दियातल्या एका घरात कामाला होती. एजंटाने वय वाढवून तिचा पासपोर्ट काढला होता. त्या घरात ती चार महिने कोंडलेली होती. पळून आली तेव्हा वकिलातीसाठी तिचं म्हणणं मी इंग्रजीत लिहून दिलं. 'पाण्याचा टँकर आला की एक आठवडा संपला, असं मी धरत होते,' हे तिचं वाक्य. परत गेले तर एजंटाची माणसं मारतील, हेही तिचंच. ताईंनी तिला समोर बसवून सगळं तीनदा विचारलं, माझ्या दोन तारखा दुरुस्त केल्या आणि एक प्रत आपल्या फाइलला लावली. "खरं आहे ना, मग नीटच लिहायला हवं गं."

लक्ष्मी ती भीती घेऊन गावी परत गेली. दुसऱ्या देशात आश्रय मागता येतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

पुढे ताईंचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, वाढवून मिळाला नाही. मुलाला भेटायला म्हणून त्या कॅनडाला गेल्या आणि तिथेच राहिल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या वकिलाचं पाकीट आलं. तिकडे आश्रयाचे नियम आता कडक झालेत. नुसती हकीकत पुरत नाही, ओळखीच्या माणसाची साक्ष हवी. सोबत ताईंचं शपथपत्र. त्यात कोंडलेली खोली होती, एजंट होता, टँकरही होता. वाक्यं माझी, नाव सुनंदाताईंचं.

मी फोन लावला.

"एक सही कर गं. लक्ष्मीचं आता काय जातंय?"

"ताई, तुम्ही चौथ्या मजल्यावर एसीत राहत होता. टँकर कुठला?"

"ते बघायला कोण येतंय तिथे? मला मुलाजवळ राहायचंय. दुसरा रस्ता नाही."

"वेल्डरलाही नव्हता."

त्या म्हणाल्या, "माझ्या हाताखाली शिकलीस तू."

"हो," म्हटलं आणि फोन ठेवला.

शपथपत्र खिडकीकडे नेलं. शिक्का खरा, सही खरी. तारखाही त्यांनीच दुरुस्त केलेल्या, अगदी बरोबर. वकिलाला मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं.

ही हकीकत खरी आहे. ती लक्ष्मीची आहे.