चपला काढा

त्या दिवशी मला सांभाळलं ते सिंधूमावशींनी, आमच्या शाळेच्या शिपाईबाईंनी. आता मी सुरतेत राहते, पण इथे डांबराचा वास आला की अजून पाय आधी चपला शोधतात.

शाळेच्या अनुदानासाठी आम्हा सातवीच्या पोरींना मोर्चात नेऊन आमच्या शहरातल्या द्वारका चौकात भर उन्हात डांबरी रस्त्यावर बसवलं होतं. मोर्चाचे पुढारी म्हणाले, "चपला काढा गं, फोटोत गरीब दिसलं पाहिजे." तळवे भाजले तशी मी रडायला लागले. मावशी कडाडल्या, "साहेब, आधी तुमचे बूट काढा की!" आणि मला उचलून सावलीत नेलं.

दुसऱ्याच दिवशी मावशींना कामावरून काढलं. अनुदान आलंच नाही, शाळा बंद पडली, माझं शिक्षण तिथेच सुटलं. तेव्हा वाटायचं, मी रडले म्हणून सगळं बिघडलं. आता कळतं, त्या गर्दीत आम्हा पोरींच्या बाजूने मावशी एकट्याच होत्या. एकदा त्यांना इथे आणीन, आणि चार दिवस हातात झाडू घेऊ देणार नाही.