ज्योतीसाठी केलेला डबा

त्याला गल्लीत सगळे 'फिनिशिंग' म्हणायचे. खरं नाव विचारलं असतं तर दोन घरांपलीकडच्या माणसालाही सांगता आलं नसतं. ॲक्रिलिकच्या पाट्या, अक्षरं, ट्रॉफ्या बनवायचा त्याचा धंदा, आणि कुठलीही वस्तू हातात आली की हा आधी तिची कड बघणार. कुणाच्या लग्नाला गेला तरी खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवून नाक मुरडणार आणि म्हणणार, "फिनिशिंग नाही." अहो, बसायला दिलीय ना, बसा की गप! पण छे.

वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तो कापायच्या मशीनवर, मागच्या खोलीत बायको. ॲक्रिलिक कापलं की त्याची कड पांढरट, खरखरीत निघते. ती सँडपेपरने घासायची, मग आणखी बारीक पेपरने घासायची, मग फिरत्या कापडी चाकावर धरायची, तेव्हा कुठे ती पारदर्शक होते. हे काम अठरा वर्षं बायकोचंच. दुसऱ्या कुणाचा हात त्याला पटायचा नाही. संध्याकाळी ती बाहेर यायची तेव्हा भुवया, केस, नाकपुड्या सगळं पांढरं. सुरुवातीला तो थट्टा करायचा, "आलं माझं भूत." मग तिला खोकला लागला आणि थट्टा बंद झाली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "फुप्फुसात धूळ बसलीय. हे काम थांबवा. नाहीतर दोन-तीन वर्षांनी जिना चढणं जमणार नाही."

"आपल्याकडे जिना आहेच कुठे?" बायको बाहेर येऊन म्हणाली आणि हसता हसता इतकी खोकली की तिला भिंत धरावी लागली. बायको गेली तर, हा विचार त्याने आयुष्यात पहिल्यांदा केला, तोही दवाखान्याच्या दारात, चपला शोधताना.

मोठ्या कारखान्यांत हे काम ज्योतीने होतं, हे त्याने पाहिलं होतं. पाण्यातून वीज सोडायची, पाण्याचे दोन वायू सुटे होतात, ते एकत्र पेटवले की सुईसारखी बारीक, कडक ज्योत मिळते. ती कडेवरून एकदा फिरवली की कड काचेसारखी. घासणं नाही, धूळ नाही. तसं मशीन विकत घेणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. "मग बनवू," तो म्हणाला. बायकोचा धाकटा भाऊ वायरमन होता, त्याला बोलावून घेतलं.

मेव्हण्याने आधी कपाळाला हात लावला. "दाजी, हा वायू म्हणजे खेळ नाही. आपली ताई बसणार आहे त्याच्यापुढे."

"तिच्यासाठीच तर चाललंय," हा म्हणाला.

पुढचे तीन महिने हा माणूस खुळावल्यासारखा वागला. भंगारवाल्याकडे खिशात चुंबक घेऊन जायचा आणि ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, म्हणजे जे गंजत नाही, तेवढंच उचलायचा. त्याचे तळहाताएवढे पत्रे कापले. प्रत्येक पत्र्याला खाली पाण्यासाठी एक भोक, वर वायूसाठी एक. दोन्ही बाजू उभ्या-आडव्या घासून खरखरीत केल्या, म्हणजे बुडबुडे चिकटून न बसता सुटतात. आयुष्यभर गुळगुळीत करणारा माणूस, पण इथे खरखरीत करायचं म्हटल्यावर त्यातही त्याने फिनिशिंग शोधलं! दोन पत्र्यांमध्ये रबराची चौकट, असे थर एकावर एक. बाहेरच्या पत्र्यांना वीज, मधले नुसतेच. दोन्ही टोकांना जाड ॲक्रिलिक, आणि सगळं बोल्टांनी आवळलेलं. पत्रे टाकीत बुडवायचे नाहीत, पाणी फक्त आतून फिरतं, बाहेरून सगळं कोरडं. म्हणून त्याला 'ड्राय सेल' म्हणतात, असं मेव्हण्याने सांगितलं. पहिल्या दिवशी मात्र ते चहूबाजूंनी गळलं. "वा! झाला तुमचा ड्राय सेल," बायको फडकं पिळत म्हणाली. वीज नीट वाहावी म्हणून पाण्यात कॉस्टिक सोडा घातलेला, त्याने त्याची बोटं सोलवटली होती, तरी हा हसला. मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले आणि गळती थांबली.

सेल आणि ज्योत यांच्यामध्ये पाण्याची बाटली लागते. वायू नळीतून पाण्याच्या तळाशी सुटतो, वर येतो आणि मग जिच्या टोकाला ज्योत लागते त्या सुईसारख्या बारीक नळीकडे जातो. ज्योत कधी उलटी पळालीच तर ती पाण्यापर्यंत येऊन विझते. मेव्हण्याने यासाठी प्लॅस्टिकची साधी बाटली लावली, दाबून बसवलेल्या झाकणाची. "चुकून भडका उडालाच तर झाकण उडायला पाहिजे, बाटली नाही," त्याने दोघांनाही बजावलं. बाटलीवर लाल रेघ मारली. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भरायचं, ही जबाबदारी बायकोची.

ज्योत लागली. तिने पहिली ट्रॉफी ज्योतीपुढून फिरवली आणि पांढरी कड डोळ्यांदेखत पाण्यासारखी स्वच्छ झाली. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. दोन महिन्यांत तिचा खोकला निम्म्यावर आला. ती काम करता करता गुणगुणायला लागली. पुढच्या खोलीत मशीन बंद करून तो ऐकत बसायचा.

इथे थांबला असता तर काय बिघडलं असतं?

पण ती बाटली त्याच्या डोळ्यांत खुपत होती. एवढं देखणं यंत्र आणि मध्येच ही सरबताची बाटली! येणारं-जाणारं गिऱ्हाईक यंत्र बघायला यायचं आणि बाटलीकडे बघून हसायचं. त्याने जाड ॲक्रिलिकचा डबा बनवायला घेतला, चारी बाजूंनी बंद, उडणारं झाकण नाही, पाणी भरायला वर फक्त आट्याचं घट्ट बूच. आता या धंद्यात एक गोष्ट पोरासोरांनाही माहीत असते. ॲक्रिलिक आधी चिकटवायचं आणि मग कडेला आच द्यायची. आच दिलेल्या कडेत ताण राहतो, तिला चिकटवायचं क्लोरोफॉर्म लागलं की आतून केसासारख्या चिरा पडत जातात. लगेच नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी. हीच चूक केली म्हणून त्याने एका कारागिराला सगळ्यांदेखत फैलावर घेऊन घरी पाठवलं होतं. पण चिकटवल्यानंतर सांध्याच्या आतली कड काही चकाकत नाही, तिथे पांढरट रेघ राहते. त्याला तो डबा एकसंध काचेचा ठोकळा दिसायला हवा होता. म्हणून त्याने आधी आच दिली आणि मग चिकटवलं. एवढ्याशा डब्याला काय होतंय, असं म्हणाला मनाशी. डबा झाला मात्र असा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. बायकोने त्यावर पुन्हा लाल रेघ मारली. मेव्हणा परगावी कामावर होता, त्याला कळवायचं राहून गेलं.

तीन आठवड्यांनी डब्याखाली टेबलावर ओलं दिसलं. त्याने फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. त्याने डबा उजेडाकडे वळवला, तर खालच्या सांध्यात चिरांचं जाळं. तेव्हा दोनशे ट्रॉफ्यांची ऑर्डर अर्ध्यावर होती. एवढं काम उरकलं की बदलू, असं ठरवून त्याने डब्याखाली फडकं घडी करून ठेवलं. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "तुमच्याकडून? सांध्यात चिरा?"

त्या सकाळी तिने पाणी भरलं. रेघेपर्यंत भरलं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण तो तेवढ्यासाठीच मागे गेला होता.

दुपारी बाराच्या सुमाराला मागे धाड्‌कन आवाज झाला. आधी त्याला वाटलं, कापडी चाक निसटलं. धावत गेला तर डबा जागेवर नव्हता. बायको खाली बसली होती, दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि बोटांमधून रक्त आणि कॉस्टिकचं पाणी एकत्रच वाहत होतं. ती ओरडत नव्हती. "अहो, लाइट गेली का?" एवढंच विचारत होती.

तो बादल्यांनी पाणी ओतत राहिला. रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. उजवा डोळा त्याच दिवशी काढला. डाव्याला उजेड आणि अंधार यातला फरक कळेल, त्यापुढे काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तिला दवाखान्यात सोडून तो तासाभरासाठी वर्कशॉपवर परतला आणि मागची खोली झाडून काढली. एक न एक तुकडा शोधला, टेबलाखालचा, पंख्यावरचा. ज्यातून सकाळभर पाणी झिरपून गेलं होतं त्या खालच्या सांध्याचा तुकडा हातात आला तेव्हा त्याच्याकडे बघवलं नाही. सगळं पोत्यात भरून लांबच्या कचराकुंडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा धावत आला. बहिणीची अवस्था बघून बाहेरच्या बाकावर ढसाढसा रडला, मग आत येऊन त्याने विचारलं, "पाणी होतं ना बाटलीत?"

हा तोंड उघडणार तोच खाटेवरून आवाज आला. "माझंच चुकलं रे. भरायचं विसरले असेन मी. भरलं असतं तर असं झालंच नसतं ना?"

मेव्हण्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान खाली घातली. त्या एका क्षणात सांगता आलं असतं. क्षण गेला, आणि मग दिवस जात राहिले.

गल्लीत त्याचं कौतुक झालं. "माणूस असावा तर असा," लोक म्हणायचे. "बायकोच्या हलगर्जीपणाने एवढं घडलं, पण तिला एका शब्दाने बोलला नाही." तो तिचे केस विंचरायचा, तिला न्हाणीपर्यंत धरून न्यायचा. ती दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची. भूक नाही म्हणायची. अंगाची नुसती हाडं राहिली.

महिन्याभराने, एका दुपारी तो भात कालवून तिच्या हातात देत होता, तेव्हा तिने चाचपडत त्याचं मनगट पकडलं. "तुम्ही चिडत का नाही माझ्यावर? एवढं जीव ओतून केलंत माझ्यासाठी, आणि मी मेली साधं पाणी भरलं नाही. एकदा बोला तरी काहीतरी. नाहीतर माफ केलं असं तरी म्हणा."

डोळ्यांवर पट्टी, तरी ती तोंड त्याच्याकडेच करून वाट बघत होती. आत्ता सांगितलं तर ही पुन्हा आपला हात धरणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "केलं माफ."

तिने मोठा श्वास सोडला आणि ताट जवळ ओढून घेतलं. अपघातानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.