जर्मनीतलं घर, बेकरीच्या वर

आमच्या घरात पत्ता लिहिण्याचा अधिकार फक्त मला आहे. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाला पत्ता शिकवायचा नसतो!

लेक माधुरी जर्मनीत बाळंत झाली. हिला (म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना) व्हिसा मिळाला नाही. निदान डिंकाचे लाडू तरी बाळंतिणीला वेळेवर मिळावेत, म्हणून ही डोळे पुसत पुसत लाडू वळत बसली. पार्सल पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

माधुरीनं मोबाइलवर पत्ता धाडला. नाव, रस्ता, घर नंबर, पिन कोड, शहर, देश. बस्स!

"हा काय पत्ता हाय?" मी फोनवर ओरडलो. "जवळची खूण कुठं हाय?"

"बाबा, इथं खूण नाही लागत. जसा हाय तसाच लिहा ना!"

"मंग पोस्टमन विचारीन कोणाले?"

"कोणालेच नाही विचारत!"

म्हणे विचारत नाहीत! आमच्याकडे पत्रिकेवर 'पाण्याच्या टाकीमागे' लिहिलं नाही, तर पाहुणे दुसऱ्याच्याच लग्नात जेवून येतात. व्हिडिओ कॉलवर तिची गल्ली पाहिली होतीच. मी ठळक इंग्रजीत लिहिलं, 'बेकरीच्या वर, चर्चच्या मागे, लाल सायकल उभी असते ते घर.'

"अन् जावईबापूचं नाव काहून नाही टाकलं? त्यायले काय वाटीन?" ही कडाडली.

टाकलं! वडिलांच्या नावासकट. खाली 'मूळचे पुसदचे'. (तिकडे कोणी ओळखीचा निघाला तर!) रस्ता आणि पिन कोड उरल्या कोपऱ्यात कोंबले. त्यावर खाकी चिकटपट्टी बसली.

"काका, हा पत्ता हाय का पाहुण्याले सांगतलेला रस्ता?" पोस्टातला बाबू म्हणाला.

"तुम्ही पाठवा हो!"

मग रोज हिचा फोन, "भेटले का लाडू?" आणि रोज माधुरीचं "नाही ना आई!" बाळंतिणीचे दिवस सरत चालले, आणि हिचं माझ्याशी बोलणंही.

अखेर पोस्टमन ओरडला, "काका, जर्मनीहून पार्सल!"

निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं! लेकीनं काहीतरी पाठवलं म्हणून हिनं गल्ली गोळा केली, चहा टाकला. मी ऐटीत कात्री चालवली.

आतून आमचेच लाडू निघाले!

"पत्ता सापडला नाही म्हून वापस आलं," शेजारच्या काकूंनी चिठ्ठी वाचली. "पण तुमचा स्वतःचा पत्ता झकास लिहिला जी भाऊ!"

हिनं पुन्हा लाडू वळले. पत्ता काकूंनी मोबाइलमध्ये पाहून जसाच्या तसा लिहिला. पार्सल सुखरूप पोचलं, आणि लेकीनं लाडू खातानाचा फोटो आईला धाडला. मला नाही!

परत आलेला डबा मात्र रोज सकाळी माझ्यापुढे येऊ लागला.

"खा! तुमच्या करणीचे हायत, फेकून नाही देत मी."

लेक जर्मनीत बाळंत झाली. पोट सुटलं ते यवतमाळात, माझं!